चोरी, लूट की फसवणूक? : वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे ३७९ (चोरी) आणि ४२० (फसवणूक) हे तोंडात बसलेले कलमांचे आकडे आता मागे पडले. चोरी ३०३ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनंच कलम लागतं. यावेळची बहुतेक पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी भागातली आहेत.

प्रश्न : मलप्रभेच्या काठावर आमचा पंप आहे. रात्रीत कुणीतरी शेडचं कुलूप तोडून स्टार्टर नेला आणि बाहेरची केबलही कापून नेली. ठाण्यात ‘किंमत किती?’ विचारलं. मी ‘असेल चार हजार’ म्हणालो, तर साधी नोंद करून कागद हातात दिला. तपास काहीच नाही. (खानापूर तालुका)

उत्तर : ‘असेल चार हजार’ इथेच घोटाळा झाला. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. शिवाय चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला शिक्षा होते ती समाजसेवेची. पाच हजारांच्या वर गेलं की तीच चोरी दखलपात्र होते, कलम ३०३ (२) खाली तीन वर्षांपर्यंत कैद.

तुमचं नुकसान खरंच चार हजारांचं आहे का? तीन कोअरची केबल किती मीटर गेली, किती एमएमची होती, आज दुकानात तिचा भाव काय, स्टार्टर कुठल्या कंपनीचा आणि किती एचपीचा, हे सगळं मांडा. जुनं बिल नसेल तर दुकानदाराकडून आजच्या दराचं कोटेशन घ्या. आकडा फुगवू मात्र नका. उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

याहून मोठी गोष्ट पत्रात सहज येऊन गेली आहे : शेडचं कुलूप. भिंती, छप्पर आणि दार असलेली, सामान ठेवायची इमारत कायद्याच्या नजरेत घराच्याच पंगतीत बसते. तिथे माणूस राहत असलाच पाहिजे असं नाही. कुलूप तोडून आत शिरणं ही घरफोडी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी, चोरीच्या हेतूने केली तर कलम ३३१ (४) प्रमाणे चौदा वर्षांपर्यंत शिक्षा. आतल्या स्टार्टरला कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. बाहेरच्या केबलला साधं ३०३. एकाच रात्रीतले हे तीन वेगळे हिशेब आहेत, आणि घरफोडीला पाच हजारांची अट नाही. नुसत्या चार खांबांवर पत्रा टाकलेला असेल, तर हे म्हणणं लंगडं पडतं.

आता पुन्हा लेखी तक्रार द्या. तुटलेलं कुलूप फेकू नका, हात न लावता पंचनाम्यात घ्यायला सांगा. केबलचोर तांबं काढण्यासाठी वरचं प्लास्टिक जवळपासच जाळतात. ओढ्याकाठी काळा, चिकट डाग दिसला तर फोटो काढा आणि ती जागा पोलिसांना दाखवा. तक्रार मराठीत लिहून द्यायला मनाई नाही. एफआयआर कन्नडमध्ये नोंदला जातो, पण तोंडी दिलेली तक्रार लिहून झाल्यावर तुम्हाला वाचून दाखवणं हे पोलिसांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. सही करण्याआधी ‘कुलूप’, ‘रात्र’ आणि रकमेचा आकडा हे तीन शब्द कागदावर कुठे आहेत ते बोट ठेवून विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेत नसतील तर तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा (बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे), आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

माल सापडला तर तो ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायची गरज नाही. ताब्यासाठी न्यायालयात लगेच अर्ज करता येतो. वस्तू न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचं वर्णन आणि फोटो, आणि त्यानंतर तीस दिवसांत तिचं काय करायचं याचा आदेश, अशी मुदत नव्या प्रक्रिया कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे. मालकी पटवायला पंपाच्या मोटारीच्या पाटीवरचा नंबर आजच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पाटी पहिल्यांदा उखडली जाते, म्हणून बॉडीवर सर्व्हे नंबर कोरलेला बरा.

प्रश्न : निपाणीहून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी बहिणीचं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेला ओरखडे आले. पेपरात ‘दरोडा’ छापून आलं, पोलीस ‘हिसकावणी’ म्हणतात. खरं काय?

उत्तर : दरोडा नक्कीच नाही. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, आणि बाहेर उभं राहून मदत करणाराही त्यात मोजला जातो. दोघांच्या कामाला दरोडा म्हणायची पेपरवाल्यांची सवय जुनी आहे.

झटक्यात हिसकावून पळणं हा नव्या संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण माल नेण्यासाठी मुद्दाम इजा केली किंवा तिथल्या तिथे इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते. कलम ३०९, दहा वर्षांपर्यंत, आणि हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडली तर चौदा. म्हणून बहिणीच्या मानेवरचे ओरखडे महत्त्वाचे. ते दोन-तीन दिवसांत पुसट होतात. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून जखमेचा दाखला घ्यायला हवा होता. राहून गेलं असेल तर आज जाऊन फोटो आणि नोंद करून घ्या. ओढताना चुकून लागलं की ढकलून, गळा धरून नेलं, हे तिच्या जबाबात तिच्याच शब्दांत यायला हवं. वेळही मिनिटांत सांगा : पावणेसातला डिसेंबरात अंधार असतो, मे महिन्यात त्याच वेळी सूर्य मावळला होता का यावर वकील तासभर भांडतात.

प्रश्न : ऊसतोडीसाठी मुकादमाला (टोळीच्या म्होरक्याला) दहा कोयत्यांची (तोडणाऱ्या जोड्यांची) सहा लाख उचल (आगाऊ रक्कम) दिली. टोळी आलीच नाही. ठाण्यात म्हणतात, ‘दिवाणी आहे, कोर्टात जा.’ (अथणी)

उत्तर : ठाण्याचं म्हणणं कधी बरोबर असतं, कधी पळवाट. ओळ अशी आखा : पैसे घेताना त्याच्या मनात टोळी आणायचंच नव्हतं का? तसं असेल तर फसवणूक, कलम ३१८ (४), सात वर्षांपर्यंत. टोळी आली, दोन महिने तोड केली आणि मग निघून गेली, तर तो बहुधा करारभंग. पैशाचा दावा तीन वर्षांच्या आत लावा, ही मुदत विसरू नका.

आधीपासूनचा हेतू दिसतो तो बाहेरच्या खुणांतून. तीच टोळी त्याच हंगामात आणखी दोघा ट्रॅक्टरवाल्यांना दाखवून उचल घेतली होती का? मजुरांच्या यादीतली माणसं खरी आहेत का? दिलेला पत्ता खोटा निघाला का? फसलेले आणखी मालक सापडले तर त्यांचे जबाब तुमच्या नोटरी केलेल्या करारापेक्षा जड ठरतात.

‘विश्वासघात’ हा शब्द तक्रारीत सरसकट घालू नका. त्यासाठी माल किंवा पैसा तुमचाच राहून त्याच्याकडे सोपवलेला असावा लागतो. उचल ही सहसा त्याला देऊनच टाकलेली असते. ‘मजुरांना वाटायला म्हणून’ दिली आणि त्याने वाटलीच नाही, असं लेखी असेल तर गोष्ट वेगळी. एकाच घटनेला फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकदम लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन्ही ठोकून दिलं की समोरचा वकील तिथेच पकडतो. मुकादम जतचा असो की बीडचा, पैसे अथणीत दिले असतील तर अथणी ठाण्याला हद्दीचं कारण सांगता येत नाही.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून आमची दोन फूट जमीन ‘चोरली’. वर बांधावरचं सागवान तोडलं.

उत्तर : जमीन चोरीला जात नाही. चोरी फक्त हलवता येणाऱ्या वस्तूची. पण जमिनीला चिकटलेली वस्तू तोडली की ती हलती होते. म्हणून सागवानाची चोरी होते, आणि बांधाची माती ट्रॉलीत भरून नेली असेल तर मातीचीही. बांध कोरल्याच्या तक्रारीसाठी आधी मोजणी मागा. नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) हद्दुबस्तूचा, म्हणजे हद्द मोजून ठरवण्याचा, अर्ज देता येतो. सरकारी मोजणीत बसवलेला दगड उपटला किंवा सरकवला असेल तर तो कलम ३२६ खालचा वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. मोजणी न करता ठाण्यात गेलात तर दोघांनाही शांततेची समज देऊन घरी पाठवतील.

प्रश्न : चंदगड भागातून स्वस्तात जुनी गाडी घेतली, आरसी नंतर देतो म्हणाला. आता कळतं की चोरीची आहे. मी चोर ठरतो का?

उत्तर : चोर नाही. पण माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असून तो घेणं किंवा ठेवणं, हा कलम ३१७ चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत. निम्मी किंमत आणि कागद नाहीत, हे ‘पुरेसं कारण’ म्हणून धरलं जाऊ शकतं. आता कळल्यावर गाडी विकू नका, सुटे भाग काढू नका, नंबरप्लेट बदलू नका. पैसे दिल्याचे पुरावे घेऊन वकिलासह जवळच्या ठाण्यात गाडी जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या. विकणाऱ्याविरुद्ध तक्रारही तिथेच देता येते : व्यवहार महाराष्ट्राच्या हद्दीत झाला असला तरी झिरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात घेतलेली नोंद) नोंदवून ती तिकडच्या ठाण्याला पाठवतात.