नाव नसलेले विनयाचे पान कोणत्या निकायाचे?

प्रश्न : जुन्या विनयग्रंथाच्या (बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथाच्या) सुट्या पानावर निकायाचे (बौद्ध संप्रदायाचे) नाव नसेल, तर ते कोणाचे हे कसे ठरवतात? नियमांची संख्या मोजून भागते का?

उत्तर : अख्खा प्रातिमोक्ष (भिक्षूंच्या नियमांची यादी) हाती असेल तर संख्येची मदत होते. भिक्षूंचे नियम स्थविरवाद्यांच्या पालीत 227, धर्मगुप्तकांचे 250, महासांघिकांच्या चिनी अनुवादात 218. पण हा फरक मुख्यतः वस्त्र, जेवण, चालणे-बसणे यांच्या शैक्ष नियमांतला : अनुक्रमे 75, 100 आणि 66. पाराजिक (संघातून बाद करणारे दोष) 4, संघादिसेस (संघासमोर निवारायचे दोष) 13, निस्सग्गिय (वस्तू सोडून द्यावी लागणारे दोष) 30 हे आकडे सगळीकडे सारखेच. म्हणजे पाराजिकाचे पान सापडले तर मोजून काहीच हाती लागत नाही.

आधी पुष्पिका (ग्रंथाच्या शेवटची नोंद) शोधावी. ती नसेल तर नियमांचा क्रम पाहावा. पाचित्तिय (कबुली देऊन सुटणाऱ्या दोषांचे) नियम 90 ते 92, आशय बराचसा तोच, क्रम मात्र निकायागणिक वेगळा. लागोपाठचे तीन-चार नियम वाचता आले, की ते पूर्ण उपलब्ध असलेल्या सहा विनयांशी ताडून पाहता येतात. एकट्या नियमावरून निष्कर्ष काढू नये.

मजकूर कोणत्या विभागातला, हेही तपासावे. अंतरवासक (भिक्षूचे कमरेखालचे वस्त्र) हत्तीच्या सोंडेसारखा लोंबता नेसू नये, हा सर्वास्तिवादी आणि मूलसर्वास्तिवादी परंपरेत स्वतंत्र शैक्ष नियम आहे. पालीच्या सेखियांत (शैक्ष नियमांत) तो नाही. पण तीच मनाई पाली विनयाच्याच चुल्लवग्ग या दुसऱ्या विभागात आहे. नुसता शब्द जुळला म्हणून निकाय जुळला, असे मानणारे इथेच फसतात. याउलट शैक्षांच्या यादीत स्तूपाविषयीच्या नियमांची लांब रांग दिसली (धर्मगुप्तकांत असे 26 आहेत), तर खूण बरीच पक्की. सर्वास्तिवादी की मूलसर्वास्तिवादी हा निवाडा सर्वांत अवघड, कारण भाषा दोघांचीही संस्कृत. तिथे शब्दन् शब्द ताडावा लागतो.

सापडल्या जागेवर तर फारच बेताने विसंबावे. चिनी यात्रेकरू फाहियानला महीशासक निकायाचा विनय मिळाला तो स्थविरवाद्यांच्या सिंहलद्वीपात (श्रीलंकेत)!

प्रश्न : कार्ल्याच्या शिलालेखात महासांघिक आणि नाशिकच्या शिलालेखात भद्रायणीय या निकायांना दिलेली दाने आहेत. त्यांचे विनय मिळतात का?

उत्तर : महासांघिकांचा चिनीत पूर्ण मिळतो, फाहियानने पाटलिपुत्राहून नेलेली प्रत त्याला आधार होती. पण तो कार्ल्यातही अक्षरशः तसाच म्हटला जाई, असे त्यावरून ठरत नाही. भद्रायणीयांचा विनय उपलब्ध नाही. त्यामुळे एखादे पान त्यांचे असले, तरी ताडायला दुसरी बाजूच नाही.