'बदमाश' नको, 'रंगेल' चालेल; पण सगळ्यांना नाही

प्रश्न असा आला आहे : जुन्या रशियन कादंबऱ्यांत एक माणूस पुन्हापुन्हा भेटतो. उमराव घराण्यातला, देखणा, बोलायला गोड, पत्ते-दारू-बायका यांत बुडालेला, आणि तरी वाचकाला हवाहवासा वाटणारा. त्याला मराठीत एकच नेमका शब्द कोणता? 'बदमाश' चालेल का?

'बदमाश' मी तरी वापरणार नाही. फारसी 'बद' आणि अरबी 'मआश', म्हणजे उपजीविका. वाईट मार्गाने पोट भरणारा, तो बदमाश. इथे तर पोट भरण्याचा प्रश्नच नाही. जमीनदारी आहे, भूदास राबताहेत, कर्ज काढायला पत आहे. या लोकांचा सगळा वाह्यातपणा उभा आहे तो कमवावं लागत नाही यावर. 'लफंगा', 'भामटा', 'लुच्चा' हेही याच कारणाने बाद. त्यांना रस्त्याचा वास आहे, दिवाणखान्याचा नाही.

एक शब्द शोधण्याआधी हेही बघा की रशियनमध्ये तरी तो कुठे आहे? 'पोवेसा' म्हणजे उनाड, ऐषआरामी तरुण. 'कुतिला' म्हणजे पिण्या-खाण्यात पैसा उधळणारा. 'वोलोकीता' हा बायकांच्या मागे लागणारा. ऊठसूट द्वंद्वाला उभा राहणारा 'ब्रेत्योर' हा शब्द फ्रेंचांकडून आला, आणि त्याच नावाची तुर्गेनेवची 1847ची एक कथा आहे. पत्त्यांत हातचलाखी करणारा तो 'शूलेर'. पुश्किनने 'येवगेनी अनेगिन' या आपल्या पद्यकादंबरीच्या नायकाला, अनेगिनला, पहिल्याच प्रकरणात 'तरुण पोवेसा' म्हटलंय. मरायला टेकलेल्या काकाची शुश्रूषा करावी लागणार म्हणून हा आधीच कंटाळलेला आहे, आणि त्याच कडव्यात कवी त्याला 'माझा चांगला मित्र' म्हणून आपल्या हवाली करतो. दोष आणि लाड एकाच दमात. मराठीत हा सूर 'रंगेल'मध्ये सापडतो. 'रंगेल' म्हणताना आपण नाक मुरडतो खरे, पण ओठांवर थोडं हसू असतंच.

'रंगेल' कुठवर ताणता येतो, याची उत्तम परीक्षा म्हणजे टॉलस्टॉयची 'दोन हुसार' (हुसार म्हणजे घोडदळातला शिपाईगडी) ही 1856ची कथा. थोरला काउंट तुर्बिन एका आडगावच्या शहरात उतरतो. खिसा रिकामा, पण रुबाब तसाच. एका कोवळ्या अधिकाऱ्याने सरकारी पैसा एका शूलेरकडे जुगारात घालवलेला असतो. तुर्बिन त्या शूलेरला सरळ ठोसा लगावतो, पैसे हिसकावतो आणि पोराच्या हातात ठेवतो. त्याच मुक्कामात एका तरुण विधवेला नादी लावतो आणि निघून जातो. वीस-एक वर्षांनी त्याचा मुलगा योगायोगाने त्याच बाईच्या घरी मुक्कामाला येतो. बापाच्या आठवणीने ती त्याचं मनापासून स्वागत करते, आणि हा तिच्याकडूनच पत्त्यांत पैसे जिंकून घेतो. रात्री तिच्या मुलीच्या खिडकीशी जातो. द्वंद्वाची वेळ येते तेव्हा प्रकरण गुपचूप मिटवलं जातं. घराणं तेच, किताब तोच, व्यसनंही तीच. बाप रंगेल, मुलगा हलकट. बापाने जास्त गुन्हे केले असतील, पण हिशेब केला नाही. मुलाने प्रत्येक पायरीवर केला. या दोघांना एकच मराठी शब्द लावलात तर कथाच कोसळते.

थोरल्या तुर्बिनमागे आणि 'युद्ध आणि शांती'मधल्या डोलोखोवमागेही टॉलस्टॉयच्या नात्यातलाच एक खरा माणूस दिसतो : फ्योदोर टॉलस्टॉय, टोपणनाव 'अमेरिकन'. जगप्रदक्षिणेला निघालेल्या रशियन जहाजावरून त्याला त्याच्या वर्तनापायी वाटेतच उतरवलं होतं. नाटककार ग्रिबोयेदोवने आपल्या नाटकात त्याचं नाव न घेता टोला हाणला : रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्काला हद्दपार झाला होता, आणि हाताचा स्वच्छ नाही. सांगतात की या गृहस्थाने नाटकाच्या एका हस्तलिखित प्रतीत स्वतःच दुरुस्ती केली : हाताचा स्वच्छ नाही 'पत्त्यांत' असं लिहा, नाहीतर लोकांना वाटेल मी टेबलावरच्या तपकिरीच्या डब्या चोरतो! याला मराठीत 'इरसाल' म्हणावं. मूळ अरबीत 'इरसाल' म्हणजे पाठवणी, आपल्या जुन्या कागदांत सरकारात रवाना केलेला भरणा. आज मात्र 'इरसाल नमुना' म्हटलं की असलाच माणूस डोळ्यांपुढे येतो.

डोलोखोवला स्वतःला 'इरसाल' म्हणायला मी कचरतो. उंच खिडकीच्या कठड्यावर बसून रमची बाटली एका दमात संपवणारा डोलोखोव इरसाल आहे, मान्य. पण तोच पुढे निकोलाय रोस्तोवकडून 43 हजार रूबल जिंकतो तेव्हा थंडपणे आकडा आधी ठरवून खेळतो : स्वतःचं आणि सोन्या नावाच्या मुलीचं वय मिळून 43. शिंप्याचं बिल वर्षानुवर्षं थकवलं तरी उमरावाची अब्रू जात नसे, जुगाराचं देणं मात्र लगेच द्यावंच लागे. निकोलायच्या बापाला ते द्यावं लागतं. इथे मला 'बिलंदर' बरा वाटतो, त्यात थोडी धार आहे.

टॉलस्टॉयच्याच 'अ‍ॅना कॅरेनिना'मधल्या स्तिवा ओब्लोन्स्कीसाठी तर शब्द तयारच आहे : खुशालचेंडू. बायको हातात चिठ्ठी घेऊन जाब विचारते आणि याच्या चेहऱ्यावर सवयीचं, भलं, मूर्ख हसू उमटतं! घरातले नोकर, दाईसुद्धा, याच्याच बाजूने. बायकोचं जंगल मातीमोल भावाने विकतो, आणि त्याचा मित्र लेविन विचारतो की झाडं मोजलीस का, तर याला ती कल्पनाच गमतीची वाटते. 'बाहेरख्याली' हा शब्दही त्याला लागू आहे, पण तो आरोप झाला, ओळख नव्हे. 'युद्ध आणि शांती'मधल्या अनातोल कुरागिनला 'छेलबटाऊ' म्हणून बघा. रूप आणि पोशाख यांपलीकडे त्या माणसात काही नाहीच.

पेचोरिनपाशी ही सगळी थैली रिकामी होते. लेर्मोंतोवच्या 'आमच्या काळचा नायक' (1840) या कादंबरीचा हा नायक मजा मारण्यासाठी काही करतच नाही. मेरीला प्रेमात पाडतो, ग्रुश्नित्स्कीला मारतो, आणि दोन्ही वेळा स्वतःकडे परक्यासारखा बघत राहतो. 'रंगेल' म्हणालात तर चक्क चूक. त्याला कोणताही लाडका शब्द न लावता नुसतं नावाने येऊ द्यावं.

जाता जाता, प्रश्नात 'राजपुत्र अनातोल' असं लिहिलं आहे, ते टाळा. रशियन 'क्न्याझ' हा वंशपरंपरागत किताब. बाप क्न्याझ असला की सगळी मुलं क्न्याझ, राजाशी नातं असायलाच हवं असं नाही. स्तिवाही क्न्याझच, आणि तो मॉस्कोच्या कचेरीत पगारावर आहे. 'प्रिन्स' तसाच ठेवलात तरी चालेल, 'सरदार' म्हणालात तर वाचकाला अंदाज बरोबर येईल.