वाचकांचे प्रश्न : आधी टाक्या बघा, मग धोरण लिहा

प्रश्न : भोसरीत आमचा निकेल-क्रोम प्लेटिंगचा (धातूचा मुलामा देण्याचा) कारखाना आहे, २२ कामगार. ज्या वाहन कंपनीला आमचा माल जातो तिने पाणी, वीज, कार्बन आणि कामगारांविषयी लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. सल्लागार म्हणतो, ‘पर्यावरण धोरणाची फाइल करून देतो.’ तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मोठ्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, बंधनकारक केला आहे. त्यांना पुरवठादारांकडचे आकडे हवे असतात, त्यामुळे अशी विचारणा पुढेही होत राहणार. शिवाय वाहन कंपनीचा ऑडिटर फाइल मिटून शॉप फ्लोअरवर येतो आणि पहिली नजर टाकतो ती धुण्याच्या टाक्यांवर. सुरुवात तिथूनच करा.

जॉब (प्लेटिंगची वस्तू) टाकीतून बाहेर काढला की त्याला चिकटून थोडे द्रावण येते, हाच ड्रॅग-आउट. त्यातले एक लिटर हजारपट पातळ करायला एकाच टाकीत धुतले तर साधारण १,००० लिटर पाणी लागते. दोन टाक्यांत उलट प्रवाहाने धुतले तर सुमारे ३२ लिटर पुरतात आणि तीन टाक्यांत जेमतेम १०. ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडायचे, ते ओव्हरफ्लो होऊन मागच्या टाकीत येते आणि जॉब त्याच्या उलट दिशेने जातो. एक जादा टाकी आणि थोडे पाइप, एवढाच खर्च.

एवढे करूनही पाणी वाचले नाही, तर दोन कारणे असतात. पहिले म्हणजे, पाणी आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा पाइप एकाच बाजूला असतो, मग पाणी वरच्या वर निघून जाते. आतला पाइप तळापर्यंत न्या, ओव्हरफ्लो समोरच्या बाजूला वर ठेवा आणि हवेचे हलके बुडबुडे सोडा. दुसरे कारण, नळ हाताने उघडला की दिवसभर उघडाच राहतो. त्यासाठी पाण्यातले क्षार मोजणारा कंडक्टिव्हिटी कंट्रोलर आणि त्याच्या इशाऱ्यावर आपोआप उघडमिट होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा.

जिग (जॉब टांगायचा सांगाडा) टाकीवर १० ते १५ सेकंद निथळू द्या. निकेलनंतरच्या पहिल्या स्थिर (पाणी वाहते न ठेवलेल्या) टाकीतले पाणी परत निकेल टाकीत भरता येते, कारण ती ५०-६० अंशांवर चालते आणि तिची पातळी सतत खाली जाते. मात्र भरण्याआधी ते पाणी गाळा, नाहीतर प्लेटिंग खरखरीत येते.

क्रोमचे पाणी इतर पाण्यात अजिबात मिसळू नका. त्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोम विषारी आहे. पीएच (आम्लतेचे माप) २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइट घालून आधी त्याचे ट्रायव्हॅलंट, म्हणजे खूपच कमी विषारी, क्रोम करायचे आणि मगच चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच ८-८.५ वर आणून गाळ बसवायचा. सगळे पाणी आधीच एकत्र केले की पीएच चढतो, अभिक्रिया मंदावते आणि विष तसेच पुढे जाते. बाहेर पडणाऱ्या पाण्याला पिवळी झाक दिसली, तर समजा हेच घडते आहे. गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो ९० दिवसांच्या आत रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रात पाठवा आणि प्रत्येक खेपेचा मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची पावती) जपून ठेवा. हा गाळ भंगारवाल्याला दिलेला असेल, तर बाकीच्या फाइलला काही अर्थ उरत नाही.

कार्बनचा हिशेब त्यामानाने सोपा. विजेच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो आणि डिझेलच्या एका लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, बारा महिन्यांची बिले घ्या आणि गुणाकार करा.

प्रश्न : आमची कंपनी मध्यम आकाराची आहे. छोट्या पुरवठादारांची बिले आम्ही ९० ते १२० दिवसांनी देतो, बाजारात सगळे तेच करतात. तरी ‘नैतिक व्यवसाय’ म्हणताना याचा प्रश्न का यावा?

उत्तर : कारण तो पैसा त्यांच्या कामगारांच्या पगाराचा असतो. बिल चार महिने अडकले की छोटा कारखानदार आधी पगार लांबवतो, मग पीएफ भरणे. त्याच पुरवठादाराकडून तुम्ही ‘कामगारांना वेळेवर वेतन देतो’ अशा आचारसंहितेवर सही घेता. हे आम्हाला मुळीच पटत नाही.

कायद्यालाही हे मान्य नाही. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. या व्याजाची वजावट आयकरात मिळत नाही. वर २०२३ च्या वित्त कायद्याने मूळ रकमेवरही बंधन आणले आहे : मुदत उलटून गेलेल्या बिलाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते.

प्रत्येक पुरवठादाराचा उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी क्रमांक मागवा आणि त्यांचा वर्ग (सूक्ष्म, लघु की मध्यम) खात्यात नोंदवा. गफलत बहुधा स्टोअर्समध्ये होते. क्वालिटी तपासणी होईपर्यंत जीआरएन (माल मिळाल्याची पावती) अडवून ठेवतात आणि दिवस जीआरएनपासून मोजतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. तेव्हा गेटवरच्या नोंदीची तारीख सिस्टिममध्ये टाका आणि पेमेंटची यादी तिच्यावरूनच काढा.

प्रश्न : आमच्याकडे कामगार पुरवणारा ठेकेदार दर महिन्याला पीएफचे चलन देतो. ते पुरेसे आहे ना?

उत्तर : चलनावर फक्त एकूण रक्कम असते. एकच चलन दोन-तीन कारखान्यांत दाखवले जाते. चलनासोबत ईसीआर (कामगारवार रकमांची यादी) मागा आणि त्यातली नावे व यूएएन (प्रत्येक कामगाराचा पीएफ क्रमांक) तुमच्या गेटवरच्या हजेरीशी जुळवा. कामगारांना स्वतःचे पासबुक मोबाइलवर बघायला शिकवा. पगारपत्रकही तपासा, कारण काही ठेकेदार मालकाचा हिस्सासुद्धा कामगाराच्याच पगारातून कापतात. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. म्हणून हे सगळे जुळल्याशिवाय त्याचे पुढचे बिल पास करू नका.