प्राणिमित्रांचे प्रश्न : बेदाणे खाल्ले की बरी होणारी चिंगी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या हट्टापायी आणलेली चिंगी ही आमची फेरेट (लांबट अंगाचा छोटा पाळीव प्राणी) मादी आता पाच वर्षांची आहे. गेले तीन आठवडे ती खेळता खेळता मध्येच थांबते, शून्यात नजर लावून बसते, मागचे पाय ओढत चालते, लाळ गाळते आणि पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडत राहते. दोन बेदाणे भरवले की पाच-दहा मिनिटांत तिला तरतरी येते. पण काही तासांनी पुन्हा तेच. दवाखान्यात कण्याचा एक्स-रे काढला, त्यात दोष आढळला नाही. रक्तातील साखरही ८८ आली. जाताना गाडीत तिने बेदाणे खाल्ले होते, एवढे मात्र आम्ही सांगितले नाही. तिला काय झाले असावे? आमचे काही चुकले का?
– एक वाचक

उत्तर : आपण अगदी शेवटी सहज लिहिलेले गाडीतल्या बेदाण्यांचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ८८ हा आकडा चिंगीच्या नेहमीच्या साखरेचा नसून नुकत्याच खाल्लेल्या बेदाण्यांचा असण्याची शक्यता मोठी आहे. निरोगी फेरेटची उपाशीपोटीची साखर साधारणपणे दर डेसिलिटरला ९० ते १२५ मिलिग्रॅम असते. ती ६० च्या खाली गेली आणि सोबत आपण वर्णन केलेली लक्षणे असली, तर पहिला संशय इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठीचा येतो. तीन वर्षांवरील फेरेटमध्ये हा आजार बराच आढळतो. मागचे पाय लुळे पडल्याने कण्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, परंतु खाल्ल्यावर पायांत बळ परत येत असेल, तर आधी साखरेकडे पाहिले पाहिजे.

बेदाण्यांनी चिंगी सावरते हे खरे. मात्र गोड पोटात जाताच साखर झपाट्याने वाढते, त्याला प्रतिसाद म्हणून ती गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर पूर्वीपेक्षाही खाली घसरते. काही तासांनी ‘पुन्हा तेच’ होते, त्याचे कारण बहुधा हेच आहे. फेरेट हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. दिसायला मुंगसासारखा वाटला तरी कुळाने तो पाणमांजराचा नातलग आहे. त्याच्या आहारात बेदाणे, केळे, बिस्किटे यांना जागा नाही. आजपासून दर तीन-चार तासांनी, रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटेही, तिला मांसाधारित, भरपूर प्रथिनांचे खाद्य मिळेल अशी व्यवस्था करावी.

तपासणी पुन्हा करून घ्यावी, पण उपाशीपोटी. हा उपवास घरी करू नये. तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तीन-चार तासांचाच असावा, कारण त्याहून अधिक काळ उपाशी राहिल्यास झटके येऊ शकतात. माणसांसाठीची ग्लुकोमीटर यंत्रे फेरेटची साखर प्रत्यक्षाहून कमी दाखवतात, म्हणून प्रयोगशाळेतील आकडा अधिक भरवशाचा. सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी निर्धास्त होऊ नये. या गाठी अनेकदा काही मिलिमीटरच्याच असतात. हृदयविकार किंवा गिळलेल्या रबराच्या तुकड्याने आतड्यात झालेला अडथळा यांमुळेही अशक्तपणा येतो, तेव्हा डॉक्टरांनी तेही तपासावे. शेपटीवरचे केस विरळ होत असतील तर तेही सांगावे, कारण अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीचा) विकार याच वयात जोडीने आढळू शकतो.

निदान पक्के झाले तर शस्त्रक्रियेने गाठी काढता येतात, तथापि त्या पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मोठे आहे. दुसरा मार्ग औषधांचा : प्रेडनिसोलोन, आणि ते पुरेसे न पडल्यास डायझॉक्साइड. प्रेडनिसोलोन सुरू झाल्यावर मनाने अचानक बंद करू नये. औषधांनी गाठ जात नाही, पण साखर सावरते आणि पुष्कळ फेरेट कित्येक महिने, काही तर वर्षाहून अधिक काळ, चांगले जगतात.

ती कोसळली तर मात्र गोडाचाच आधार घ्यावा. मध किंवा मक्याचे सिरप कापसाच्या काडीने हिरड्यांवर चोळावे. बोट तोंडात घालू नये, आणि शुद्ध नसताना काही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर येताच मांसाचे खाद्य द्यावे आणि तडक दवाखाना गाठावा.

आपले चुकले का, असे आपण विचारले आहे. बेदाण्यांमुळे गाठ झाली असे म्हणता येणार नाही, आणि मुलीलाही हे स्पष्टपणे सांगावे. पुढच्या वेळी चिंगी थबकली की त्या क्षणाचे मोबाइलवर चित्रण करावे, शेवटचे खाणे किती वाजता आणि काय झाले याची नोंद ठेवावी, आणि ते चित्रण व ही नोंद डॉक्टरांना दाखवावी. ही भेट याच आठवड्यात व्हावी.