नवीन सॉफ्टवेअरवर काउंटरच्या माणसाला किती वेळ लागेल हे विकत घेण्याआधी काढता येतं का? आणि त्यासाठी टूल कुठलं?

येतं. "वापरल्याशिवाय काय सांगणार" म्हणणाऱ्यांनी कधी कागद-पेन घेऊन बघितलेलंच नसतं. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या संशोधकांनी १९८० साली मांडलेलं कीस्ट्रोक लेव्हल मॉडेल शोधा, म्हणजे हाताच्या प्रत्येक हालचालीला ठरलेले सेकंद. साधारण टाइप करणाऱ्याला एक बटण ०.२८ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, क्लिकला ०.२, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४, आणि पुढचं मनात ठरवायला १.३५. बेरीज करायची, झालं.

मी कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट ऑफिस बघायचो. दाबोळी विमानतळावर चार्टर विमान उतरलं की बस भरून पाहुणे एकदम काउंटरवर, प्रत्येकाचा पासपोर्ट, व्हिसा भरायचा, वर फॉरेनरचा सी-फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती, २४ तासांत जावाच लागायचा. जुनं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनचं, दिसायला भिकार, पण आमची पोरं पासपोर्टवरून नजर न काढता टाइप करायची. मग एका व्हेंडरने नवीन आणलं, रंगीत, जिथे तिथे ड्रॉपडाउन, आणि आमचा पात्रांव, म्हणजे मालक, डेमो बघूनच खूश. मी फक्त देशाच्या रकान्याचा हिशोब मांडला. जुन्यात एकदा विचार आणि चार बटणं, २.४७ सेकंद. नव्यात हात माउसवर, विचार, नेम धरून क्लिकने यादी उघडा, पुन्हा नेम धरून देशावर क्लिक, हात परत कीबोर्डवर, ४.७५. यात स्क्रोल धरलेलंच नाही, आणि असे रकाने पानभर.

व्हेंडर म्हणाला, "ट्रेनिंग द्या, हात बसेल." हे ऐकून आजही डोकं फिरतं. अहो, हे आकडे हात बसलेल्या माणसाचेच आहेत, न चुकता काम करणाऱ्याचे! बेरीजच जास्त येते तिथे ट्रेनिंग काय कापणार? कोणी ऐकलं नाही, आणि सिझनला लाइन पोर्चपर्यंत गेली.

अमेरिकेत नायनेक्स टेलिफोन कंपनीत हेच झालं होतं, १९९३ साली ग्रे, जॉन आणि अ‍ॅटवूड यांनी ते छापलंय. ऑपरेटरांसाठी नवीन यंत्रं, वेळ वाचणार असा सगळ्यांचा समज, याच जातकुळीतलं मॉडेल म्हणालं उलट हळू होईल, प्रत्यक्ष चाचणीत हळूच निघालं. फरक इतकाच की त्यांनी ती घेतली नाहीत.

टूलचं म्हणाल तर कॉगटूल आहे, असाच हिशोब कॉम्प्युटरवर करून देणारं, पण आधी कागदावर करा. हां, नवशिक्या माणसाला किंवा चुका दुरुस्त करायला किती वेळ जाईल ते यातून कळत नाही, आणि 'विचार' कुठे कुठे धरायचा यावर दोघांचं उत्तर थोडं वेगळं येतं, म्हणून दोन स्क्रीनची तुलना करायला वापरा, एकट्या आकड्यावर फार विसंबू नका.

डेमोला व्हेंडरला माउस बाजूला ठेवून एक पूर्ण बिल करून दाखवायला सांगा. जमलं नाही तर सही करू नका, आणि हात बसेल म्हणाला तर बेरजेचा कागद मालकासमोरच त्याच्या पुढ्यात ठेवा.