मला तर खरचटलंही नाही

मेघना (नाव आणि काही तपशील बदललेत) कल्याणहून ठाण्याला रोज स्लो लोकलने यायची. घरच्यांना वाटायचं, बसायला जागा मिळते म्हणून. खरं कारण पारसिकचा बोगदा. तेव्हा, २०१८ साली, फास्ट लोकल त्यातूनच जायच्या.

उपचारांसाठी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या भेटीत तिने पर्समधून छोटी टॉर्च काढून टेबलावर ठेवली. दर एक तारखेला सेल बदलते, म्हणाली. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

७ जुलै २००५ ला ती कंपनीच्या कामासाठी लंडनमध्ये होती. सकाळी ऑफिसला निघालेली, किंग्ज क्रॉस स्टेशनला भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनच्या गाडीत, मागच्या डब्यात चढली. गाडी सुटली आणि पहिल्या डब्यात स्फोट झाला. अंधार, धूर, पुढून किंकाळ्या. शेवटी रुळांवरून चालत ती स्टेशनात परतली. त्या गाडीत २६ जण गेले. त्या सकाळी शहरभरातल्या स्फोटांत एकूण ५२.

"मॅडम, मला तर खरचटलंही नाही. मी कोणत्या तोंडाने रडू?"

हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकलाय. जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत शेजारच्या डब्यातून सुखरूप उतरलेल्यांकडूनही. म्हणून स्पष्ट सांगते: मनावरच्या आघातासाठी अंगावर जखम लागत नाही. मृत्यू जवळून पाहणंही पुरेसं असतं. निदानाच्या निकषांतही तसंच आहे. सुरुवातीचे काही दिवस झोप उडणं, दचकणं स्वाभाविक. महिना उलटूनही ते थांबत नसेल, रस्ते बदलावे लागत असतील, तर मदत घ्या. तेरा वर्षांनी आलात तरी उशीर झालेला नसतो. "झालं ते विसर" म्हणणारे माया करतात, पण माणसाला गप्प करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि भीती आणखी मुरते. म्हणून आम्ही सावकाश निघालो. आधी ठाण्याच्या फलाटावर उभं राहून फास्ट गाड्या नुसत्या पाहायच्या. मग रविवारी दुपारी नवऱ्याबरोबर. छाती धडधडली तरी उतरायचं नाही. धडधड चढते तशी ओसरतेही. टॉर्च काढून ठेव, असं मी कधीच म्हटलं नाही.

एकटीने आली त्या दिवशी तिने फलाटावरूनच फोन केला. "बोगद्यात आवाज वाढला तशा बायका आणखी मोठ्याने बोलायला लागल्या हो. समोरची विचारत होती, कोथिंबीर कितीला घेतली. मला ऐकूच येईना, दोनदा 'काय?' विचारलं. तेवढ्यात उजेड आला."