६१७४, चौथी सीट आणि समोरच्या प्लॅटफॉर्मवरची गाडी

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीहून माटुंग्याला कॉलेजला येते, कॉमर्सला आहे, म्हणजे मॅथ्सवाली नाही, तरी डोक्यात हे असलं काहीतरी चालू असतं. लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर कडेला टेकायला चौथी सीट मिळाली तर मिळाली, मोबाइल काढायला हात हलत नाही, मग डब्यावर रंगवलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे घेऊन मैत्रिणीने शिकवलेला खेळ खेळते. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं परत तेच, शेवटी ६१७४ येतं म्हणे. परवा ३०८७ ला मुलुंड यायच्या आत आलं सुद्धा. पण काल २१११ घेतला तर थेट शून्य! मग नियम खोटा का? दुसरं, संध्याकाळी माटुंग्याला उभी राहिले की समोर सीएसटीकडची गाडी नेहमी आधी येते, आई म्हणते नशीब तुझं. तिसरं, आमच्या ६० जणांच्या वर्गात दोघींचा बर्थडे एकाच दिवशी निघाला आणि सर म्हणाले त्यात काय नवल. नवल नाही?
– एक एसवायवाली, डोंबिवली

उत्तर : अगं, नियम खोटा नाही, तू शून्य गिळलंस! २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात, तिथे तू तीनच आकडे धरलेस, मग ९९९ मधून ९९९ गेले आणि हाती भोपळा. चार आकड्यांचा खेळ आहे तर चारच ठेवायचे, ०९९९ असं लिहायचं. आता बघ, ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, आले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८, घे तुझे ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत येतंच, फक्त ११११, २२२२ असले चारी आकडे सारखे असलेले नंबर घ्यायचे नाहीत, तिथे पहिल्याच फटक्यात सगळं संपतं.

आता का येतं ते, कारण तू विचारलं नाहीस तरी पुढच्या पत्रात विचारणारच आहेस. चारातला सगळ्यात मोठा आकडा वजा सगळ्यात लहान, त्याला ९९९ ने गुण. मधल्या दोघांतला फरक घे, त्याला ९० ने गुण. दोन्हींची बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. तुझ्या ३०८७ मध्ये ८ वजा ० म्हणजे ८, आणि ७ वजा ३ म्हणजे ४, तर ७९९२ अधिक ३६०, झाले ८३५२. पटतंय? म्हणजे नंबर कुठलाही असो, उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं, आणि अशा जोड्या मोजल्या तर भरतात ५४. हजारो नंबर पहिल्याच वजाबाकीत ५४ खोल्यांच्या चाळीत येऊन कोंबले जातात, आणि त्या चाळीतले सगळे जिने शेवटी एकाच खोलीच्या दारात उतरतात, ६१७४ च्या. रविवारी दुपारी वही घेऊन बसलीस तर ५४ च्या ५४ हाताने तपासून होतील. तीन आकडी नंबर घेतलास तर ४९५ येतं. पाच आकडीला मात्र हे जमत नाही, तो आपला गोल गोल फिरत राहतो.

गाडीचं म्हणशील तर नशीब वगैरे काही नाही. समज दोन्हीकडच्या गाड्या दर १० मिनिटांनी आहेत, तुझी ६:००, ६:१० ला आणि समोरची ६:०९, ६:१९ ला. गाड्या दोन्हीकडे सारख्याच, पण तू टाइमटेबल न बघता कधीही आलीस तर १० पैकी ९ मिनिटं अशी की समोरचीच आधी दिसणार. आपल्याकडे गाड्या इतक्या शिस्तीत येत नाहीत हे सांगायला नको, पण थोडंफार हेच होतं. आणि तुझी आधी आली की तू चढून निघून जातेस, समोरची किती उशिरा आली ते बघायला थांबतेस कुठे! आईला सांग.

बर्थडेला सरांचं बरोबर आहे. ६० जणांत जोड्या होतात १७७०, त्यातली एकही जुळू नये हेच खरं नवल. २३ जण असले तरी जुळायची शक्यता अर्ध्याच्या वर जाते.

बाकी तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती खाली लिहिलेल्या गावाची. हे ६१७४ शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी, १९४९ साली. जन्म १९०५, डहाणूचा, आणि नोकरीभर देवळालीला शाळामास्तर. मोठी डिग्री नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, नुसता आकड्यांचा नाद. त्यांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना नाव दिलं डेम्लो, आणि हे डेम्लो म्हणजे जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आपल्या मध्य रेल्वेच्या आधीच्या काळातलं एक स्टेशन, जिथे त्यांना ती कल्पना सुचली. आजचं नाव डोंबिवली! तू रोज जिथे गाडीची वाट बघतेस तेच गं. त्यातल्या सगळ्यात देखण्या संख्या अशा, ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, असं करत नऊ वेळा १ लिहून वर्ग केलास तर १२३४५६७८९८७६५४३२१. आता दहा वेळा १ लिहून बघ. १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, चढताना ८ गायब आणि मधे दोन शून्यं. ८ कुठे गेला ते सांगत नाही, उभी वजाबाकी करतेस तसा उभा गुणाकार कर आणि हातचा नीट धर.